करडा वाडगा

थोरलीने वाडग्याच्या तुकड्याची पूड काचेच्या बारीक नळीत भरली आणि नळी यंत्राच्या चुंबकाच्या दोन जबड्यांमध्ये अलगद सोडली. धाकट्या बहिणीचा नवरा प्रयोगशाळेच्या दाराशीच उभा होता.

"आत या, भावोजी. यंत्र चावत नाही."

"तुम्हा बहिणींच्या हाताखालचं आहे, सांगता येत नाही," तो म्हणाला. पण हसला नाही.

धाकटी जाऊन तीन वर्षं झाली होती. तिची भट्टी त्याने दोन वर्षं रेटली, मग विझवून टाकली. उद्या गवंडी ती पाडणार होता. म्हणून काल त्याने आतली राख उपसली, तर तळाशी हा वाडगा सापडला.

"करडा आहे म्हणजे तिच्याच वेळचा," तो म्हणाला. "माझी भांडी तांबडी निघतात. हवेचं भोक मी शेवटपर्यंत उघडं ठेवतो."

"आणि ती?"

"घाईची. निम्म्यातच बुजवायची. आमची भांडणं त्यावरूनच व्हायची, ताई."

थोरलीला ठाऊक होतं. भट्टीचा श्वास असा कोंडला की मातीतलं लोखंड वेगळ्याच रूपात राहतं आणि यंत्र कागदावर त्याचं जे शिखर काढतं ते खाली बसतं. धाकटी आपल्या प्रत्येक घाण्यातलं एक भांडं हौसेने इथे घेऊन यायची. "बघ गं, माझ्या मातीच्या पोटात काय आहे ते," म्हणायची. ते बसकं शिखर थोरलीने इतक्यांदा पाहिलं होतं की बहिणीच्या अक्षरासारखं ओळखलं असतं.

यंत्राचं पेन सरकू लागलं. शिखर आलं, तसंच बसकं. थोरलीने पदराने चष्मा पुसला.

मग कागदाच्या मध्यावर कंगव्याच्या दातांसारख्या सहा रेघा उमटल्या. मातीत मँगनीज असल्याची खूण.

तिने नळी काढली, दुसरी घेतली, नवी चिमूट भरली. पुन्हा सहा रेघा.

"भावोजी, नव्या खाणीची माती कधीपासून आणता?"

"ती गेल्यावर त्याच पावसाळ्यात जुनी खाण बुजली. त्यानंतरच. का?"

जुन्या खाणीच्या मातीत मँगनीज कधीच दिसलं नव्हतं. या मातीला धाकटीचा हात लागणं शक्यच नव्हतं, आणि भोक निम्म्यात बुजवणारा हात मात्र तिचाच होता.

"जुनाच आहे ना वाडगा? तेवढं सांगा, म्हणजे उद्या मन घट्ट करून पाडतो."

थोरलीने कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

"गवंड्याला येऊ नको म्हणून कळवा."

"का, ताई?"

तिने यंत्र बंद केलं. घुरघुर थांबली आणि खोली एकदम मोठी वाटू लागली.

"भट्टी वापरात आहे," ती म्हणाली.