खिडकीतला एक्स-रे

सुताराने आपल्या मुलाचा एक्स-रे स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून घेतला होता. पडद्याच्या जागी. आल्यागेल्याला चहाआधी तो दाखवला जाई. "बघा, कंबरेची हाडं. एक खोट काढून दाखवा. याचं दुखणं हाडात नाही, कामात आहे."

मुलगा सकाळी ओंडक्यासारखा उठे. दोन तास वाकता येत नसे. अकराच्या सुमारास मात्र रंधा घेऊन कामाला भिडे.

"बरोबर अकराला बरा होतो!" बाप म्हणे. "आजाराला पण हाफ डे?"

आराम केला की जास्त दुखतं, हे मुलाने एकदा सांगून पाहिलं. झोपणं सोसत नाही असा जगातला तो पहिलाच आळशी असेल. पण हा मुद्दा कुणी विचारात घेतला नाही.

तीन वर्षांनी एक नवी डॉक्टरीण भेटली. "एक्स-रेत हाड बिघडल्यावरच कळतं," ती म्हणाली. "आतली सूज त्याआधी एमआरआयमध्ये दिसू शकते."

"त्यातही काही निघालं नाही, तर कारखाना जावयाला," बापाने जाहीर केलं.

मशीनच्या ठणठणाटात मुलगा देवाला विनवत पडून राहिला, सूज असू दे. देवालाही दोनदा विचारावं लागलं असेल.

होती. कण्याच्या बुडाशी, दोन्ही सांध्यांत, पांढरे डाग. मुलगा पहिला नंबर आल्यासारखा हसला. "बाबा, बघा!"

बाप बघायला वळला. अख्खाच वळला, कपाट सरकवावं तसा.

डॉक्टरीण आता त्याच्याकडेच बघत होती. "काका, फक्त मान वळवा."

"माणूस वळतोय ना? मग मान कशाला?"

"पहाटे पाठ दुखते?"

"दुखते की. चारला उठवते. चाळीस वर्षं झाली." बाप थांबला. "म्हणजे... सगळ्यांची नाही दुखत?"

त्याला एमआरआय लागलाच नाही. साध्या एक्स-रेत मणके एकमेकांना चिकटून एकच दांडा झाला होता. बापाने तो कारागिराच्या नजरेने बराच वेळ न्याहाळला. "जोड पक्का आहे. कुठे फट नाही."

"हा आता सुटायचा नाही," डॉक्टरीण म्हणाली. "मुलाचा औषधांनी कदाचित रोखता येईल."

घरी आल्यावर बाप खिडकीपाशी उभा राहिला. "काढ तो."

मुलाने काढला. लावलाही त्यानेच होता. बापाला वर बघता येत नव्हतं, आणि ते तेव्हा कुणालाच खटकलं नव्हतं.

"उद्या अकराला ये कामावर," बाप म्हणाला. काखेतला स्वतःचा एक्स-रे त्याने पुढे केला. "आणि हा जरा खाली लाव. मला दिसेल असा."