माणसाच्या व्याख्येबाहेर

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर नियमांची खोली होती आणि तिथं ठामरावांचं राज्य होतं. हे नाव त्यांना त्यांच्या हाताखालच्या धाकटीनं ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. हॉस्पिटलच्या संगणकाला शहाणपण शिकवायचं, हे या दोघांचं काम. माणूस म्हणजे काय, रुग्ण म्हणजे काय, कुणाला कोणतं औषध चालतं, हे सगळं पक्क्या वाक्यांत मांडायचं. संगणक ती वाक्यं एकमेकांना जोडून निष्कर्ष काढी आणि खाली वॉर्डात त्या निष्कर्षांवर औषधांची कपाटं उघडत.

ठामरावांचं एक लाडकं वाक्य होतं: प्रत्येक माणसाचं हृदय डावीकडे असतं.

"सर, त्यात 'सहसा' घाला," धाकटी पहिल्या दिवसापासून सांगत आली होती. "सहसा डावीकडे असतं. उलट माहिती आली की संगणकानं आपलं म्हणणं मागे घ्यायचं."

"मागे घ्यायचं?" ठामराव चष्मा कपाळावर चढवत. "जो शब्द फिरवतो त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

"शहाणी माणसं रोज फिरवतात, सर. दुकान उघडं असेल म्हणून आपण निघतो. कुलूप दिसलं की परत येतो. दारावर डोकं आपटत नाही बसत."

पण पालथ्या घड्यावर पाणी. नियम बदलायला ठामरावांचा पासवर्ड लागे आणि तो ते जिवापाड जपत.

धाकटीचा जीव या वाक्यात अडकला होता त्याला कारण होतं. तिची ताई जन्मापासून आतून उलटी होती. हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे, सगळा संसारच आरशातला. "आईनं मला उलट्या बाजूनं शिवलं," असं ती हसत हसत सांगे. त्यानं तिचं काही अडलं नव्हतं. आई गेल्यावर धाकटीच्या वेण्या घालण्यापासून तिची फी भरण्यापर्यंत सगळं याच उलट्या बाईनं सरळ निभावलं होतं.

त्या दिवशी सकाळी ताई पोट धरून आली. दुखत होतं डावीकडे. सर्जनबाई हुशार. त्यांनी दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, "अपेंडिक्स आहे, फक्त पलीकडच्या बाजूला. लगेच काढू." त्यांनी ताईच्या नोंदीत 'हृदय उजवीकडे' असं लिहिलं मात्र, सगळ्या मजल्यांवरचे पडदे लाल झाले. विसंगती! ही माणूस आहे, म्हणजे हिचं हृदय डावीकडे. नोंद म्हणते उजवीकडे. दोन्ही खरं कसं असेल? संगणक हटून बसला आणि ऑपरेशन थिएटरचं दार त्याच्याबरोबर अडून राहिलं.

"मी बघतो," म्हणत ठामराव खुर्चीत बसले. चहा निवायच्या आत पडदे पूर्ववत झाले. धाकटीनं त्यांना हात जोडले. पुढं त्या नमस्काराची तिला शिसारी आली.

ऑपरेशन छान झालं; भुलीची औषधं थिएटरात हाताशीच असत, त्यांना कपाट लागत नसे. दुपारी भूल उतरू लागली तशी ताई धाकटीच्या डोळ्यांदेखत तळमळायला लागली. चादरीचा बोळा तिनं दातांत धरला होता. नर्सनं कपाटावर तिचा नंबर घातला, पुन्हा घातला. खण काही उघडेना.

"मॅडम, हे बघा ना," नर्स रडकुंडीला आली होती. "दुखण्याचं इंजेक्शन द्यायचंय, तर 'लागू नाही' म्हणतंय. जेवणालाही तेच, अँटिबायोटिकलाही तेच. सर्जनबाई दुसऱ्या केसमध्ये आहेत."

"हातानं उघडा."

"चाव्या काढून घेतल्या ना गेल्या वर्षी. तुमच्याच सरांनी."

धाकटीनं ताईची नोंद उघडली. नाव होतं, वय होतं, उजवीकडचं हृदयही होतं. एकच गोष्ट नव्हती. नावापुढचा 'माणूस' हा शब्द कुणीतरी काढून टाकला होता.

ती क्षणभर नुसती बघत राहिली. मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नियमाला हात लावायचा नव्हता ना, म्हणून ठामरावांनी ताईलाच माणसांतून उठवलं होतं. माणूस नाही, म्हणजे विसंगती नाही. आणि या वॉर्डातलं प्रत्येक औषध, प्रत्येक घास माणसांसाठी लिहिलेला होता.

जिने ती कशी चढली, तिलाच ठाऊक.

"माझी बहीण माणूस नाही?"

"आवाज खाली," ठामराव म्हणाले. "तात्पुरती सोय आहे ती. तार्किकदृष्ट्या निर्दोष."

"खड्ड्यात गेलं तुमचं तर्कशास्त्र! ती खाली तळमळतेय!"

"आता 'माणूस' परत लावलं तर सगळं हॉस्पिटल पुन्हा बंद पडेल."

"म्हणूनच 'सहसा' लावा म्हणतेय. वर्षानुवर्षं म्हणतेय!"

"हजारांत एखादा अपवाद. एकीसाठी मी नियम सैल करू?"

नोकरी गेली तर गेली. धाकटीनं त्यांचं मनगट धरलं आणि सरळ जिन्याकडे ओढलं. त्या आवेशापुढं त्यांची विरोध करायची हिंमत झाली नाही.

ताईच्या कपाळावर घाम डवरला होता. तिनं डोळे उघडले. "हे कोण?"

"नियम लिहितात ते," धाकटी म्हणाली. "सर, मला वर सांगितलंत ते हिला सांगा."

"तसं नाही, बाई," ठामराव म्हणाले. " तुमच्यासारखी केस फार दुर्मीळ. एखादीच व्यक्ती..."

ताईनं बोळा बाजूला केला. एकेक शब्द तिला महाग पडत होता.

"तुमचं दुखतं तेव्हा तुम्ही कितीजण असता?"

नर्स रिकामा ट्रे घेऊन तशीच उभी होती. ठामरावांनी चष्मा काढला, पुसला, तो पुन्हा घालायचं विसरले आणि धाकटीकडे वळून म्हणाले, "पासवर्ड देतो. घाल तुझं ते 'सहसा'."

"मी नाही घालणार. शब्द तुम्ही काढलात, तुम्हीच जाऊन लावा. पळा!"

आणि ठामराव पळाले, पोट सांभाळत, जिन्याच्या कठड्याला धरत. धाकटी ताईचा हात धरून बसली. ताईची नखं तिच्या तळव्यात रुतत होती, पण तिनं हात सोडवून घेतला नाही.

अखेर कपाटाचा खण सरकला. नर्सनं झडप घालून इंजेक्शन भरलं. हळूहळू ताईची बोटं सैल पडली.

धाकटीनं पडद्याकडे पाहिलं. नियमात 'सहसा' आलं होतं आणि ताईच्या नावापुढं शब्द परत आला होता: माणूस. बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला रडू फुटलं, तेही दुःखाचं नव्हे, निव्वळ संतापाचं. ज्या बाईनं तिला वाढवलं, ती माणूस आहे हे तिला पडद्यावर वाचून खात्री करून घ्यावी लागली होती.