धामणीच्या पोटातलं दूध

बाप्पाहो, सरका असे जवळ. टाळ मांडीवर ठेवा. चहा येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ऐकून राग आला तर येऊ द्या. मला अजून येतो.

आरमोरीच्या अलीकडे आमचं गाव. वैशाखात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि मृदंगावर दादाजी असतो. हात असा गोड, की बुवासुद्धा पद थांबवून ऐकतात. त्या साली बुवांनी निरूपण केलं, मुंगीतही हरी पाहा. मी रडलो, दादाजीही रडला. कीर्तनात रडायला काय लागतं!

दादाजीच्या घरी कपिला गाय होती. तिची धार गिरजाबाई काढायची, म्हणजे त्याच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. गाईचं दूध आटू लागलं तशी घरात कुजबुज सुरू झाली, गिरजा दूध चोरते म्हणून. तोंडावर कोणी बोलेना, पण चरवी हातात देताना सगळ्यांचे डोळे बोलायचे.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादाजीच्या अंगणातल्या धानाच्या तणसीच्या ढिगातून धामण निघाली. मनगटापेक्षा जाड, अंगावर तेल चोळल्यासारखी चमक. आमच्याकडे जुनी समजूत आहे, की धामण गाईच्या पायांना विळखा घालून कास चोखते. झालं! गाव गोळा झालं.

"सापडली चोट्टी!" दादाजी ओरडला. "पाहा कसी माजली हाये. दुधाबिगर येते का एवढी जाडी?"

मी घाईनं संघपालला फोन लावला. आरमोरीत त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. साप धरतो, पिशवीत घालून तोलतो, मोजतो आणि रानात सोडतो. तो आला तेव्हा काठ्या निघाल्या होत्या.

"भाऊ, सापाले कास चोखता येत नाई," तो म्हणाला. "मी किती धामणी धरल्या. बल्लारपूरकडं खडकाळ जाग्यात एवढीच लांब भेटते, पन चऱ्हाटावानी वाळलेली. पोंभुर्ण्याच्या रानातली तिच्यापेक्षा भरलेली. इथी धान हाये, धानात उंदीर हायेत, म्हणून इथली जाड. त्यातून ही मादी, अंड्यावर असंल. जशी जागा, तसं अंग."

"मंग तुह्या घरी उंदीर नाई वाटते," गर्दीतला इसरू म्हणाला. "तू काऊन इतका वाळला?"

सगळे खदखदले.

"मारनं गुन्हा हाये, भाऊ."

"तू फॉरेस्टचा जावई हायेस का?" दादाजी म्हणाला. "साप मोजत राह्य तू. आमी आमची गाय पाहातो."

आता इथं कान द्या. धामण चोर ठरली असती तर गिरजाबाई सुटत होती. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. ती पदर खोचून पुढं आली आणि ढिगाला पाठ लावून उभी राहिली.

"भाऊजी, इनं दूध नाई पेलं. मी इले उंदीरच गिळताना पाह्यलं."

"मंग कोनं पेलं, वयनी? तू?"



"मीबी नाई. पन माह्यावरचा आळ या मुक्या जिवावर नोका टाकू."

तिला बाजूला ओढलं. संघपालला दोघांनी धरून ठेवलं. मी मधे गेलो तर "महाराज, तुमी कीर्तनात बोला" म्हणाले. पहिली काठी मृदंगाच्या हातानं मारली. मोबाईल निघाले, एकानं तर खाली 'जय हरी' लिहून सगळ्यांना पाठवलं. मग दूध पाहायला पोट फाडलं. आत दोन उंदीर आणि पांढरी, मऊ अंडी. दुधाचा थेंब नाही.

"पचून गेलं असंल," इसरू म्हणाला.

पचून गेलं! अंडी समोर पडलेली, माशा बसायला लागलेल्या, आणि हे दूध शोधून राह्यले!

पण दादाजीनं वेगळा हिशोब केला. धामणीत दूध नाही, म्हणजे चोर घरातच. दुसऱ्या दिवसापासून गिरजाबाईच्या हाती चरवी दिली नाही, तिच्या हातचं पाणी कोणी घेईना. तिनं गाठोडं बांधलं आणि पोंभुर्ण्याला भावाकडे निघून गेली.

पुढं आखाडात गुरांचा डॉक्टर आला. गाईला तपासून म्हणाला, "गाभण आहे, दिवस भरत आले. दूध आटणारच." कळपात चरणारी गाय, कधी फळली कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी दादाजीला म्हटलं, "चाल, मी येतो तुह्यासंगं. वयनीले घेऊन येऊ."

"जाऊ द्या, महाराज," तो म्हणाला. "झालं गेलं. आता लोकं काय म्हनतीन?"

लोकं काय म्हणतील! बाई आळ घेऊन घराबाहेर गेली तेव्हा हीच लोकं काय म्हणत होती? एकाच्या तोंडून निघालं नाही, की आमचं चुकलं. मी एकटा जाऊन आलो. तिनं पाणी दिलं, गाईची विचारपूस केली, आणि म्हणाली, "त्यायनं बोलावलं तर यीन." त्यांनी बोलावलेलं नाही.

उद्या सप्ताह बसतो आहे. दादाजीचा मृदंग घुमेल, तुम्ही डोलाल, मीही डोलेन. नादाला काय दोष. पण आरतीला हात जोडाल तेव्हा, बाप्पाहो, देवाजवळ गिरजाबाईचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या, मृदंगापर्यंत ऐकू जाईल असं.