आधी गाडे, मग टेम्पो

व्यंकटरावांचं दिवाळं निघालं, ही बातमी अर्धापुरात वाऱ्यासारखी पसरली. त्यांच्या चांगल्याची बातमी कधी इतक्या जोरात धावली नव्हती.

झालं होतं एवढंच. केळीचे मोठे व्यापारी व्यंकटराव, ज्यांचं कालव्यापलीकडं केळी पिकवायचं गोदाम, दारात दोन गाड्या आणि बोटात खड्याची अंगठी, ते सकाळी सकाळी डोक्याला टॉवेल गुंडाळून सरजाबाईचा केळ्याचा गाडा ढकलताना लोकांना दिसले. दुसऱ्या दिवशीही दिसले. तिसऱ्या दिवशी न्हाव्यानं दाढी करता करता हळूच विचारलं, "मालक, घरी समदं ठीक हाय ना?" आणि देगलूरहून मेहुण्याचा फोन आला. हा मेहुणा कधी आपणहून फोन करणारातला नव्हे. "दाजी, लाजू नका," तो म्हणाला, "काय लागलं तर सांगा. आता माझ्याजवळ न्हाई, पन सांगून तर ठिवा."

खरं कारण साखर होतं. रक्तातली साखर. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, "घाम काढा, नाहीतर मी सुई काढतो." व्यंकटरावांनी आधी चालायचं मशीन घेतलं. त्यावर ते चार दिवस चालले, पुढं त्यावर बायकोच्या, कावेरीबाईंच्या, साड्या वाळू लागल्या. मग पांढरे बूट घेतले आणि रोज कालव्याच्या पुलापर्यंत फिरायला जाऊ लागले. पांढऱ्या बुटात फिरणाऱ्या माणसाला गाव काही म्हणत नाही. पण घाम काही निघेना. रस्त्यात जो तो रामराम घालायला थांबवी, आणि रामरामानं कुणाची साखर उतरत नाही.

एके सकाळी पुलाच्या चढावर सरजाबाईचा गाडा अडला. ही बाई त्यांच्याच गोदामातून केळी उचलायची आणि बसस्टँडवर विकायची. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. गाडा ना पुढं जाई ना मागं येई. व्यंकटराव बाजूनं चालले होते. सरजाबाई म्हणाली, "मालक, नुसतंच चालून राहिलात, तर जरा हात लावा की. फुकटचा चढ हाय."

त्यांनी हात लावला. चढ सरेपर्यंत सदरा पाठीला चिकटला. महिनाभर बुटांनी जे केलं नाही ते गाड्यानं एका चढात केलं. उताराला लागल्यावर सरजाबाईनं त्यांच्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

"हसायला काय झालं?"

"न्हाई, म्हनलं तुमच्या घामानं साखर उतरती. माझ्या घामानं इतकी वर्सं नुसतं मीठच निघून राहिलं."

तेव्हापासून नेम झाला. व्यंकटराव पुलापाशी थांबायचे, अंगठी घामानं निसटते म्हणून सरजाबाईकडं द्यायचे, ती पदराच्या गाठीत बांधायची, आणि दोघं गाडा बसस्टँडपर्यंत न्यायचे. दीड-दोन महिन्यांत साखर अशी उतरली, की डॉक्टरनं विचारलं, "कोणत्या वैद्याचं औषध चालू केलं?" व्यंकटराव म्हणाले, "चार चाकांच्या."

एकदा गाडा पुलावर वेळेत आला नाही म्हणून ते बघायला गोदामावर गेले. तर तिथं फाटकाबाहेर सात-आठ गाडे ताटकळलेले, आणि आत बाहेरगावच्या टेम्पोत माल चढतोय. सरजाबाई दगडावर बसली होती. म्हणाली, "सकाळच्या बसगाड्या गेल्या, की मग बसस्टँडवर माश्याच गिऱ्हाईक. हे रोजचंच हाय."

व्यंकटराव गोदाम सांभाळणाऱ्या रामकिशनवर तडकले. तो कान खाजवत म्हणाला, "मालक, तुमचाच नियम हाय. आधी टेम्पो, मग गाडे. तुम्हीच पाटीवर लिहून घेतलाय."

पाटी खरंच होती. व्यंकटराव ओशाळून हसले. टेम्पोवाले मोठे गिऱ्हाईक. त्यांना थांबवलं तर तोंडं वाकडी होतील. पाटी तशीच राहिली.

घरात मात्र कावेरीबाईंचं डोकं तापलं होतं. लेकीचं, राजकन्येचं लग्न जुळत होतं. पोरगी नांदेडला कॉलेजात शिकवायला होती. स्थळ लातूरचं, दालमिलवाले वैजनाथराव. मुलगा पुण्यात नोकरीला, शांत, निर्व्यसनी. राजकन्या त्याच्याशी फोनवर बोलली होती, आणि फोन ठेवल्यावर कुणी न विचारता स्वतःशीच हसली होती. असं स्थळ रोज येत नाही, हे व्यंकटरावांनाही कळत होतं. त्यांच्या मनानं तर ते कधीच जुळवून टाकलं होतं.

"अहो, पाव्हणे येऊन जाईस्तोवर त्या गाड्याला हात लावू नका," कावेरीबाई म्हणाल्या. "बापच हातगाडी ढकलतो म्हणल्यावर कोण करील सोयरीक?"

"बरं," व्यंकटराव म्हणाले.

पण पाव्हणे यायचे त्या दिवशी पहाटेच जाग आली. पाहुणे अकराला येणार. तोवर घरात बसून करायचं काय? आजचा शेवटचा दिवस म्हणून ते निघालेच.

पुलावर सरजाबाईनं डोळे वटारले. "आज कामून आलात? आज पाव्हणे हायेत ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"समद्या गावाला ठाव हाय. अंगठी द्या हिकडं."

ढकलता ढकलता ती तिच्या घरचं सांगू लागली. तिचा पोरगा संघपाल बिलोलीला तलाठी. तोही मागं लागला होता, आई, आता गाडा बंद कर, लोक मला काय म्हणतील. "मी म्हनलं, बाबा, ह्याच गाड्यावर तुझी पुस्तकं आली. आता गाडा वंगाळ झाला व्हय? माझ्या हातातला पैसा माझा हाय. सुनंपुढं हात पसरायचा न्हाई मला."

"आमच्याही घरी तेच," व्यंकटराव म्हणाले. "फक्त आमच्याकडं पुस्तकं नव्हती."

बसस्टँडवर गाडा लावून सरजाबाई हापशावर पाणी प्यायला गेली. तेवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली. नंबर एमएच चोवीस, म्हणजे लातूर. पुढच्या सीटवर भारदस्त मिशांचा माणूस, मागं डोक्यावर पदर घेतलेली बाई, तिच्या बाजूला मोबाइलात मान घातलेला मुलगा. मुलाचा फोटो त्यांनी राजकन्येच्या मोबाइलात पाहिला होता. पाव्हणेच! भल्या सकाळी टपकले होते. व्यंकटरावांनी टॉवेलचं टोक ओढून तोंडावर घेतलं.

"पेढ्याचा डबा घरी राहिला, आता रिकाम्या हातानं जायचं का?" बाई म्हणत होत्या. "घ्या केळी तरी."

"अगं, केळीच्या व्यापाऱ्याच्या घरी केळी?"

"मग काय, इथं द्राक्षं दिसून राहिलीत का तुम्हाला?"

काच खाली झाली. थंड हवेचा झोत व्यंकटरावांच्या तोंडावर आला. "ए, डझन कसे?"

"पन्नास," व्यंकटराव टॉवेलातून बोलले.

"पन्नास? सोन्याचं पाणी दिलंय का? तीसला दे."

आता व्यंकटरावांना ट्रकभर माल विकायचा ठाऊक. डझनाची घासाघीस त्यांना येईना. ते म्हणाले, "न्हाई परवडत." मिशीवाला चिडला. "परवडत नाही म्हणे! तुम्हा लोकांना बसल्या जागी पैसा पाहिजे. अरे, जरा कष्ट करायला शीक, म्हाताऱ्या. आम्ही काय असेच मोठे झालो?"

व्यंकटरावांच्या कपाळावरचा घाम नाकावरून थेट केळ्यावर पडला. तेवढ्यात सरजाबाई आली, तिनं चाळीसला सौदा पटवला, चांगल्यातल्या फण्या पिशवीत घातल्या. गाडी गेली. व्यंकटराव सुटले ते मागच्या बोळातून घराकडं. घाईत अंगठी सरजाबाईच्या पदरातच राहिली.

पाव्हणे आधी इथल्या एका नातेवाइकाकडं टेकले होते. अकराला ते बैठकीत आले तेव्हा व्यंकटराव न्हाऊन, पांढराशुभ्र सदरा घालून, चष्मा लावून बसलेले. वैजनाथरावांनी कडकडून हात मिळवला. ओळखल्याचं चिन्ह नाही. व्यंकटरावांना आधी हायसं वाटलं आणि मागून कसंसंच झालं. सकाळी चार हातांवरून हा माणूस आपल्याशी भांडला, आणि त्यानं आपलं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.

मुलाच्या आईनं, शिवकांताबाईंनी, केळ्यांची पिशवी कावेरीबाईंच्या हाती दिली. राजकन्या चहा घेऊन आली. "बाबांचा बिनसाखरेचा," ती म्हणाली.

"ह्यांनाही तोच द्या," शिवकांताबाई नवऱ्याकडं बोट करून म्हणाल्या. "लातुरात जिमला वर्षाची फी भरलीय. तिथं जातात, मशीनवर बसतात आणि पेपर वाचून येतात."

बोलण्यात बोलणं निघालं आणि वैजनाथराव कष्टांवर आले. "माझं एकच म्हणणं हाय, व्यंकटराव. कष्टाशिवाय काही नाही. गरिबी ही गरिबीनं येत नाही, आळसानं येते. आज सकाळचंच बघा. बसस्टँडवर एक म्हातारा केळेवाला. डझनाला पन्नास सांगतो आणि वर ढिम्म उभा. चांगलं सुनावलं मी त्याला."

"चांगलं केलं," व्यंकटराव म्हणाले, आणि बिनसाखरेचा चहा त्यांना एकाएकी फार कडू लागला. कावेरीबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. नवऱ्याचे लाल झालेले तळहात दिसले आणि त्या सगळं समजल्या.

नेमकी त्याच वेळी दारात सरजाबाई. "ताई, मालकाची अंगठी. म्हनलं पाव्हण्यापुढं रिकाम्या बोटानं बसतील."

"तुमची अंगठी हिच्याकडं कशी?" वैजनाथरावांनी विचारलं.

कावेरीबाई घाईनं म्हणाल्या, "सकाळी फिरायला गेले होते, पडली असंल."

सरजाबाईनं एकदा कावेरीबाईंकडं पाहिलं, एकदा राजकन्येकडं. पोरीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. सरजाबाई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "हाव. पुलावर सापडली. मालकाची हाय म्हून वळखली."

"अरे, ही तर सकाळचीच बाई!" वैजनाथराव खुशीत आले. "त्या आळशी म्हाताऱ्याची मालकीण! बघा, गरीब असून नियत किती साफ." त्यांनी खिशातून शंभराची नोट काढली. "घे बाई. बक्षीस. आणि त्या म्हाताऱ्याला सांग, कष्ट कर म्हणावं."

नोट हवेतच राहिली. सरजाबाईनं हात पुढं केला नाही. म्हणाली, "बक्षीस नको, साहेब. मालकाला काही द्यायचंच असंल तर उद्या माझा माल टेम्पोच्या आधी सोडा म्हनावं. येते मी." आणि वळली.

खोटं बोलायचं तिला काही कारण नव्हतं. लेक आपली, सोयरीक आपली, अब्रू आपली, आणि खोटं तिच्या डोक्यावर. व्यंकटरावांनी लेकीकडं पाहिलं. राजकन्येनं हळूच मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, ते त्यांना कळलं नाही. पण त्यांना एवढ्यानं पुरलं.

"सरजाबाई, थांब," ते म्हणाले. "पाव्हणं, अंगठी सापडली नाही. मीच तिच्याकडं दिली होती. आणि तो म्हातारा आळशी हाय का नाही ते देवाला ठाव, पण तो मी हाय."

वैजनाथरावांच्या मिशा हलल्या. कावेरीबाईंनी डोळे मिटले. सोयरीक आता उंबऱ्याबाहेर पडायच्या बेतात होती.

पहिल्यांदा फुटल्या त्या शिवकांताबाई. आधी नाकातून आवाज आला, मग खांदे हलू लागले, मग त्या पदरात तोंड घालून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "व्याह्याला म्हणालात, कष्ट करायला शीक! तेही गाडीतून न उतरता!"

"मला काय माहीत..." वैजनाथराव पुटपुटले. "पण तुम्ही... गाडा का?"

"साखर," व्यंकटराव म्हणाले आणि सगळं सांगितलं.

वैजनाथरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अपमान झाला म्हणावं, तर केलेला त्यांनीच होता. शेवटी त्यांच्या आतल्या दुखण्यानं उचल खाल्ली. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती उतरली?"

राजकन्या मुलाकडं वळली. "आणि तुम्ही? तुम्ही सकाळी काय पाहिलंत?"

मुलगा लाजला. "खरं सांगू? काहीच नाही. मी मोबाइलात होतो."

"हे खरं बोलले," राजकन्या आईला म्हणाली. पुन्हा तेच हसू.

दारातून सरजाबाईचा आवाज आला. "मालक, माझं काय? माल आधी का नंतर?"

व्यंकटरावांनी तिथूनच रामकिशनला फोन लावला. "पाटी उतरव. उद्यापासून आधी गाडे, मग टेम्पो. हाव, टेम्पोवाले बोंबलतील. बोंबलू दे. त्यांच्या गाडीला इंजीन हाय."

पुढं बोलणी करायला पाव्हणे पंधरा दिवसांनी पुन्हा आले, आणि वैजनाथराव मुक्कामालाच राहिले. सकाळी उजाडताना गोदामातून गाडे ओळीनं निघाले. पुलाच्या चढावर सरजाबाईचा गाडा होता आणि मागून दोन सदरे ढकलत होते. एक सवयीचा, दुसरा जिमची फी भरलेला. दुसऱ्याला अर्ध्या चढावर धाप लागली.

"थांबू जरा," वैजनाथराव म्हणाले.

"चढावर थांबलं की गाडा मागं येतो, पाव्हणं," सरजाबाई पुढून ओरडली. "ढकला! पहिली गाडी सुटायची येळ झाली."

वैजनाथरावांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. बसस्टँडवर पोचले तेव्हा हिंगोलीची गाडी नुकतीच लागत होती आणि खिडक्यांतून हात बाहेर येत होते. एका प्रवाशानं वैजनाथरावांनाच हाक मारली, "ए केळेवाले, डझन कसे?"

वैजनाथरावांनी व्यंकटरावांकडं पाहिलं, सरजाबाईकडं पाहिलं, मिशीवरचा घाम पुसला आणि गरजले, "पन्नास! एक रुपया कमी होणार नाही!"