पडजीभ

“पित्ताची चक्कर आहे. हातापायांत ताकद उत्तम आहे. गोळ्या देतो, घरी न्या,” तरुण डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.

मावशींनी चाकाच्या खुर्चीची मूठ सोडली नाही. बावीस वर्षं त्या मेंदूच्या वॉर्डात आया होत्या. हजारो रोग्यांना त्यांनी अशा खुर्चीतून नेलं-आणलं होतं. आज खुर्चीत त्यांची धाकटी बहीण होती. नऊ वर्षांनी दिसलेली.

वडिलांच्या आजारपणात मावशी तिला रागाने बोलून गेल्या होत्या, “तू काय, पाहुणी म्हणून आलीस!” धाकटीने पिशवी उचलली आणि निघून गेली. त्यानंतर घरातला फोन वाजला की मावशी हातातलं काम टाकून धावायच्या. तिचा कधीच नसायचा.

आज सकाळी भाची तिला घेऊन आली. “ताई,” धाकटीने हाक मारली. पण आवाज तिचा नव्हताच. घोगरा, नाकातून येणारा. वर उचकी थांबत नव्हती.

“कधीपासून गं हे?”

“पहाटेपासून. तोंड धुताना गरम पाणी या गालाला गरमच लागेना.” तिने डावा गाल दाखवला. “आणि हात म्हणशील तर या हाताला लागेना.” तिने उजवा हात पुढे केला. “प्यायला गेले तर पाणी नाकातून आलं.”

गाल डावा, हात उजवा. अशा रोग्यापाशी मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना थांबवून घ्यायचे, हे मावशींनी कितीदा पाहिलं होतं.

“साहेब, राग मानू नका,” त्या म्हणाल्या. “हिला एकदा ‘आ’ करायला सांगा.”

“मावशी, बाहेर रांग बघा केवढी आहे.”

“बहीण आहे म्हणून नाही सांगत. बॅटरी मारून नुसतं बघा.”

डॉक्टरांनी नाइलाजाने बॅटरी काढली. धाकटीने ‘आ’ केला. पडजीभ सरळ वर न जाता उजवीकडे ओढली गेली. मग त्यांनी तिचे डोळे निरखले. डावी पापणी किंचित उतरली होती, बाहुलीही बारीक झाली होती.

“तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही,” ते म्हणाले आणि फोनकडे वळले. मेंदूच्या देठाला रक्त पोचत नव्हतं.

धाकटी वाचली. तीन आठवडे नाकात नळी होती. ड्युटी संपली की मावशी तिच्या उशाशी बसायच्या. एकदा ती म्हणाली, “ताई, तेव्हा तू जे बोललीस...”

“घशाला ताण देऊ नकोस,” मावशी घाईने म्हणाल्या. माफी ओठांवर आली होती, तिथेच राहिली. पुढे धाकटीनेही विषय काढला नाही.

चालायला लागली तेव्हा तिचा तोल डावीकडे जायचा. मावशी तिच्या डाव्या हाताला राहायच्या. दोघी रोज पॅसेजच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या आणि तिचा सगळा भार मावशींच्या खांद्यावर असायचा. घरी जायचा दिवस जवळ आला तसा मावशींचा वेग आपोआप कमी होत गेला.

“माझ्याकडेच राहा ना थोडे दिवस,” शेवटी त्या म्हणाल्या.

“लेकीने खोली लावून ठेवलीय गं.”

दारात गाडी आली. भाचीने आईला उजवीकडून धरलं.

“अगं, डावीकडून धर!” मावशी ओरडल्या.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मावशी वॉर्डकडे परत निघाल्या. पॅसेज रिकामा होता. तरी त्या अगदी भिंतीच्या कडेने चालत होत्या, उजव्या हाताला एका माणसाची जागा सोडून.