मागच्या दारावरची थाप

जुळारी निवृत्त झाला तेव्हा छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवून त्याची मान वाकली होती, आणि बायकोला जग दाखवायचं वचन तसंच राहिलं होतं. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर हॉटेलची पायरी चढणं शक्य नव्हतं. तोड बायकोनंच काढली. लोक बाहेरगावी जातात तेव्हा त्यांची घरं सांभाळायची. राहणं फुकट, प्रवास साध्या बसनं, जेवण आपल्या हातचं. तीन वर्षांत कुणाची मांजरं, कुणाच्या कुंड्या सांभाळत दोघं सात गावांत राहून आली. बायको म्हणायची, पाहुणे गाव बघून जातात, आपण नांदून येतो.

आठवं घर तळ्याकाठी होतं. मालकीण डॉक्टर, पन्नाशीची, एकटी. बहीण आजारी म्हणून पंधरा दिवस जायची होती. झाडं, गॅस, पाण्याची टाकी सगळं समजावून झाल्यावर ती पिशवीची चेन उगाचच उघडत-लावत राहिली.

"काका, रोज चार वाजता मागच्या दारावर थाप पडेल. दार उघडायचं, 'या' म्हणायचं आणि थोड्या वेळानं लावून घ्यायचं."

"कोण येतं?"

"बाबा," ती म्हणाली.

अकरा वर्षांपूर्वी वडील होडी घेऊन मासे धरायला गेले होते. होडी काठाला लागली, ते काही सापडले नाहीत. एवढं सांगून ती निघून गेली. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं जुळाऱ्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चारला तीन थापा पडल्या. सावकाश, ओळखीच्या माणसानं माराव्यात तशा. जुळाऱ्यानं दाराकडे पाठ फिरवली. बायको मात्र उठली आणि तिनं दार उघडलं. बाहेर पायऱ्या, पायऱ्यांखाली पाणी, आणि कुणीही नाही. "या," ती म्हणाली, आणि स्वभावाला औषध नसतं, म्हणून पुढे म्हणाली, "बसा, चहा टाकते."

मग तसाच शिरस्ता पडला. सकाळी तळ्याला फेरी, बाजारात भाव करत भटकणं, दुपारी फुकटच्या वाचनालयात पंख्याखाली बसणं. बायकोचा चेहरा इतका निवांत त्यानं लग्नानंतर पाहिला नव्हता. चारच्या आत दोघं घरी असत. तिसरा कप भरला जाई, तसाच गार होई, आणि खोलीत ओल्या कपड्यांचा वास रेंगाळे. जुळारी दाराकडे पाठ करून बसायचा. दार त्यानं एकदाही उघडलं नाही.

नवव्या दिवशी तळ्यावरच्या एका नावाड्यानं विचारलं, पलीकडे सामान पोचवायचंय, बसता का? फुकट सफर, तीनपर्यंत परत. नाही कोण म्हणणार? पण पलीकडे वारा सुटला आणि नावाडी होडी सोडायला तयार होईना. बायको काठावर घड्याळ बघत उभी राहिली.

चार वाजले. पाण्यावरून आवाज आला. तीन थापा. मग पुन्हा तीन. मग घाईनं. मग दोन्ही हातांनी दार बडवल्यासारखा.

"कुणीतरी दार ठोठावतंय," नावाडी दोर बांधता बांधता म्हणाला.

मग आवाज थांबला. बायकोनं जुळाऱ्याचा हात घट्ट धरला होता.

सहाला ती दोघं घरी आली. मागच्या दाराची फळी बाहेरून छातीएवढ्या उंचीवर ओली होती. पायऱ्यांवर पावलं होती, सगळी पाण्याकडे जाणारी.

दुसऱ्या दिवशी चारला जुळाऱ्यानं स्वतः दार उघडलं. 'या' म्हणाला. माफीही मागितली. पंधराव्या दिवसापर्यंत रोज मागितली. थाप परत पडली नाही.

डॉक्टर परतली तेव्हा बायको म्हणत होती, आधी तिला जरा टेकू द्या. पण छापून गेलेली चूक झाकता येत नाही, हे जुळाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं दारातच सगळं सांगून टाकलं.

ती रागावली नाही. खुर्चीत बसली.

"अकरा वर्षं चार वाजता मी दुसरीकडे कुठेच नव्हते, काका. बहीण आजारी पडल्याचं कळलं आणि मला आधी वाटलं, सुटले. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"होडी तर काठाला लागली होती, मग ते..." बायकोनं विचारायला सुरुवात केली.

"आले होते ते. सकाळी आमचं भांडण झालं होतं. चारला थाप पडली, मी ऐकली. म्हटलं, राहू दे थोडा वेळ बाहेर. उठले नाही." ती हातांकडे बघत होती. "नंतर उघडलं तर फक्त ओल्या पायऱ्या."

त्या दिवशी चारला तिघं दार सताड उघडून बसली. कुणी आलं नाही. पाच वाजता डॉक्टर उठली, बाहेर जाऊन सर्वांत खालच्या पायरीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. जुळाऱ्याच्या बायकोनं तिच्याजवळ बसून तिची पाठ चोळली. अंधार पडायच्या आत तिला घरात आणून जेवायला बसवलं.

पुढच्या वर्षी डॉक्टर घर विकून बहिणीकडे राहायला गेली. जुळारी आणि बायको अजून फिरतात. फिरण्याच्या गोष्टी दोघं शेजाऱ्यांना रंगवून सांगतात, ही सोडून. आणि कुठल्याही गावात, कुणाच्याही घरी, चार वाजायला आले की जुळारी उठतो आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवतो.