महादेवीच्या सायकलीचं इंजिन

माझ्या हळदीच्या डब्यात आमच्या मालकांनी इंजिनाचे स्क्रू ठेवले, तवाच मला भांडायचं होतं. पण म्हणलं, जाऊ दे बाई, आपल्याच सायकलीचं काम हाय.

मी झरीची महादेवी. सायकलीला गाठोडं बांधून आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर परकर, ब्लाउजपीस अन् साडीचे फॉल विकते. घराला लागूनच आमच्या पोराचं, मंगेशचं, कापडाचं दुकान हाय, पण गिऱ्हाइकाची वाट बघत गादीवर बसायचं म्हणलं की मला ताप चढतो. मला बाया लागतात. त्यांच्या चुलीवरचा चहा लागतो. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस आटली, हे कानावर पडल्याशिवाय घास उतरत न्हाई. पण औंदा गुडघ्यानं दगा दिला. जरा चढ आला की खाली उतरून सायकल ढकलायची.

मंगेश म्हणला, "आई, बस झालं आता. लोक मला नावं ठेवायलेत. घरी आराम कर."

"अन् बोलू कुणाला? भिंतीला?"

असल्या वेळी आमचे मालक, गुरुसिद्धप्पा, मूग गिळून बसतात. त्या दिवशी मात्र मधी पडले. "मी सायकलीला इंजिन बसवतो. दिवाळीपर्यंत चालू झालं तर ती जाईल. न्हाई झालं, तर बसंल घरी. कबूल?"

मंगेश लगेच कबूल झाला. मीबी जिद्दीनं हो म्हणले. दिवाळी झाली की वाडीवरच्या बाया ऊसतोडीला जातात, त्या पार उन्हाळ्यात परत येतात. जायच्या आधी त्यांना गाठायलाच पाहिजे होतं.

परभणीच्या भंगारातून मालकांनी एका जुन्या मोपेडचं इंजिन आणलं. उघडलं तर पिस्टन चिकटलेला, रिंगा झिजलेल्या अन् कार्बोरेटरात पाव शेत माती! तिथल्याच धम्मपाल मिस्त्रीनं सिलिंडर लेथवर बोअर करून नवा पिस्टन अन् रिंगा दिल्या. बाकी सगळं मालकांनी ओसरीवर बसून जोडलं. साड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून फट बुजवायला त्याचं गॅसकेट केलं. पिस्टन आत सरकवताना तर असा श्वास धरला, की मला वाटलं आता ह्यांनाच पंप मारावा लागतोय.

"टू-स्ट्रोक हाय," मला समजून सांगायले. "ऑइल पेट्रोलातच कालवायचं. इसरलीस तर पिस्टन परत चिकटला समज."

"भाजीत मीठ टाकायला कधी इसरले का मी?"

इंजिन सायकलीला बसवलं, अन् चालूच होईना! मी गल्लीत जीव खाऊन पॅडल मारायचे, क्लच सोडायचे, की इंजिन फुस्स करून गप. समोरच्या सुमनबाई दारात उभं राहून म्हणायच्या, "काय महादेवीबाई, बारीक व्हायचं मनावर घेतलं जणू?"

"तुमीबी या, जागा लय हाय!" असं मी वरवर म्हणायचे, पण आतून रडू यायचं.

मालक रोज सकाळी कार्बोरेटर धुवायचे, प्लग घासायचे, परत बसवायचे अन् म्हणायचे, "आज होतंय बघ." ते काही होत नव्हतं. मंगेश दुकानातून गालात हसायचा. त्यात वाडीवरून सरजाबाईचा फोन आला. "बाई, येणार का न्हाई? टोळीची गाडी ठरली. जाड परकर तुमीच आणता, दुसरं कोण आणतंय इतक्या दूर?"

फोन ठेवला अन् माझ्या डोक्यात किडा वळवळला. अट कुणी घातली? मालकांनी. मशीन कुणाच्या हातात? मालकांच्या. बाप-लेक मिळून मला घरी बसवायलेत की काय! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मालक आत पूजेला बसलेले. मी धम्मपालला फोन लावला.

"मावशी, तुमी सोता प्लग काढून बघा," तो म्हणला. "टोकावर काजळी हाय का?"

फोन तसाच चालू कट्ट्यावर ठेवला, पाना घेतला, प्लग काढला. काजळी कशाची! ठिणगी पडायच्या फटीत राखाडी चिखल गच्च बसलेला.

"अवो!" मी ओरडले. "बाहेर या आधी! माझ्या प्लगात माती कोंबली का तुमी?"

मालक तसेच धावत आले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजेच होते, चिमटीतबी विभूती होती.

"माती न्हाई गं. विभूती हाय."

"काय?"

"रोज पूजा झाली की तिथं एक बोट लावायलोय," ते खाली बघून म्हणले. "ठिणगी तिथंच पडते ना? म्हणलं, देवाचा हात तिथंच पाहिजे. तू घरी बसलीस तर माझं कसं व्हायचं? मी कुठं जात न्हाई, कुणाशी बोलत न्हाई. संध्याकाळी तू येऊन सांगतीस, तेवढंच माझं जग हाय."

मी काय भांडणार? डोळ्यातून पाणी अन् तोंडातून हसू, दोन्ही एकदमच आलं. एवढ्या वर्षांत मला वाटायचं, मी बोलते अन् हा माणूस डुलक्या घेतो.

कट्ट्यावरच्या फोनातून धम्मपाल हसत ओरडला, "अप्पा, देव बाहेर बसवा! आत पेट्रोल हाय!"

मीच प्लग पेट्रोलनं धुतला, ब्रशनं घासला, कोरडा करून बसवला. मी पॅडल मारलं, क्लच सोडला अन् टर्रर्र! सुमनबाईच्या वाळत्या कपड्यांवर असा धूर गेला की बाई पळतच सुटली. मंगेश दुकानातून धावत आला. मला वाटलं, आता हा काही तरी बोलणार. पण गुमान गाठोडं उचलून त्यानं मागं करकचून बांधलं अन् म्हणला, "आई, वळणावर हळू."

मालक बाजूला उभे. चिमटीत विभूती तशीच.

"आता ही कुठं लावू?" त्यांनी विचारलं.

"इंजिनाला कशाला? चालवणारीला लावा."

भर गल्लीत माझ्या कपाळाला हात लावायची ह्या माणसाची ही पहिलीच वेळ. विभूतीची तीन बोटं फिरवली. लाजून कान लाल झालेले.

"लवकर ये," ते म्हणले.

"लवकर कशाला? सरजाबाईकडं सगळ्या वाडीच्या खबरी असतात. उशीर होईल. झोपू नका, सगळं सांगायचं हाय तुमाला," मी म्हणले अन् निघाले.